एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड

फ्रान्सिस स्कॉट की फिट्झगेराल्ड (२४ सप्टेंबर, १८९६ : सेंट पॉल, मिनेसोटा, अमेरिका – २१ डिसेंबर, १९४० : हॉलिवूड, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकन कादंबरीकार आणि कथालेखक होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेच्या दशकाचे, म्हणजेच जॅझ युगाचे, ते प्रमुख भाष्यकार मानले जातात. १९२५ साली प्रसिद्ध झालेली द ग्रेट गॅट्सबी ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी होय. संपत्ती, प्रेम आणि सामाजिक प्रतिष्ठा यांच्या परस्परसंबंधाचे चित्रण करणारी ही छोटेखानी कादंबरी आज अमेरिकन साहित्यातील अभिजात कृतींत गणली जाते. लेखकाच्या हयातीत मात्र तिला अपेक्षित यश लाभले नाही आणि आपले लेखन विस्मृतीत गेले, अशाच समजुतीत फिट्झगेराल्ड यांचा वयाच्या ४४ व्या वर्षी मृत्यू झाला.

जन्म आणि बालपण

फिट्झगेराल्ड यांचा जन्म एका कॅथलिक कुटुंबात झाला. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे कवी फ्रान्सिस स्कॉट की हे वडिलांकडून त्यांचे दूरचे नातेवाईक होते. त्यांच्याच नावावरून मुलाचे नाव ठेवण्यात आले. त्यांच्या जन्मापूर्वी त्यांच्या दोन लहान बहिणी दगावल्या होत्या.

वडील एडवर्ड हे मेरीलँडमधील जुन्या, प्रतिष्ठित पण आता फारशी संपत्ती न उरलेल्या घराण्यातले होते. आई मॉली मॅक्विलन यांचे वडील आयर्लंडहून आलेले स्थलांतरित असून त्यांनी किराणा मालाच्या घाऊक व्यापारात मोठी संपत्ती मिळवली होती. अशा रीतीने, एका बाजूला प्रतिष्ठा असलेले पण पैसा नसलेले घराणे आणि दुसऱ्या बाजूला पैसा असलेले पण प्रतिष्ठा नसलेले घराणे, असा दुहेरी वारसा फिट्झगेराल्ड यांना मिळाला. त्यांच्या लेखनात पुढे वारंवार येणाऱ्या जुन्या आणि नव्या श्रीमंतीच्या संघर्षाची बीजे या वारशात आढळतात.

सेंट पॉल येथील एडवर्ड यांचा वेताच्या फर्निचरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर त्यांनी न्यू यॉर्क राज्यातील बफेलो आणि सिरॅक्यूज या शहरांत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत विक्रेत्याची नोकरी केली. १९०८ साली तीही सुटली. त्या वेळी स्कॉट अकरा वर्षांचे होते. वडिलांच्या या अपयशाची छाप त्यांच्या मनावर कायमची राहिली. कुटुंब सेंट पॉलला परतले आणि पुढील काळ आईच्या वारसाहक्काच्या पैशांवर चालला. शहरातील धनिकांच्या समिट ॲव्हेन्यू या रस्त्याच्या आसपास हे कुटुंब भाड्याच्या घरांत राहत असे. श्रीमंतांच्या मुलांबरोबर खेळणारा, परंतु त्यांच्यापैकी एक नसलेला मुलगा, ही भूमिका फिट्झगेराल्ड यांच्या वाट्याला लहानपणीच आली.

शिक्षण

सेंट पॉल अकॅडमी या शाळेत असताना, वयाच्या १३ व्या वर्षी, शाळेच्या नियतकालिकात त्यांची पहिली कथा छापून आली. त्यानंतर न्यू जर्सीमधील न्यूमन स्कूल या कॅथलिक निवासी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथील फादर सिगर्नी फे यांनी त्यांच्यातील लेखनगुण ओळखून त्यांना उत्तेजन दिले.

१९१३ साली त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. पुढे ख्यातनाम समीक्षक झालेले एडमंड विल्सन आणि कवी जॉन पील बिशप यांच्याशी त्यांची मैत्री येथेच झाली. विद्यापीठाच्या ट्रँगल क्लब या नाट्यसंस्थेसाठी त्यांनी संगीतिकांची गीते लिहिली. या व्यापात अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले आणि त्यांना पदवी पूर्ण करता आली नाही.

१९१५ च्या जानेवारीत त्यांची ओळख शिकागोतील एका अतिश्रीमंत कुटुंबातील जिनेव्ह्रा किंग या तरुणीशी झाली. दोघांत दीर्घ पत्रव्यवहार झाला, परंतु १९१७ पर्यंत हे संबंध संपुष्टात आले. गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्न करण्याचा विचार करू नये, अशा अर्थाचे त्या काळात कानी पडलेले बोल फिट्झगेराल्ड यांनी आपल्या नोंदवहीत टिपून ठेवले होते. द ग्रेट गॅट्सबीमधील डेझी या पात्रामागे जिनेव्ह्रा किंग यांची आठवण असल्याचे बहुतेक चरित्रकार मानतात.

लष्करसेवा आणि विवाह

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर १९१७ साली फिट्झगेराल्ड सैन्यात सेकंड लेफ्टनंट म्हणून दाखल झाले. युद्धात आपण मारले जाऊ या भावनेने त्यांनी प्रशिक्षणाच्या काळातच घाईघाईने एक कादंबरी लिहिली. न्यू यॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने ती नाकारली, परंतु सुधारून पुन्हा पाठवण्यास सुचवले. सुधारलेले हस्तलिखितही परत आले. फिट्झगेराल्ड यांना प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची वेळ मात्र आली नाही. त्यापूर्वीच युद्ध संपले.

१९१८ साली अलाबामातील माँटगोमेरी शहराजवळच्या छावणीत असताना त्यांची भेट झेल्डा सेअर यांच्याशी झाली. झेल्डा या अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या कन्या होत्या. दोघांचा वाङ्निश्चय झाला. सैन्यातून बाहेर पडल्यावर फिट्झगेराल्ड यांनी न्यू यॉर्कमध्ये एका जाहिरातसंस्थेत नोकरी धरली. पण तुटपुंज्या पगारात संसार चालेल याची खात्री न वाटल्याने झेल्डा यांनी जून १९१९ मध्ये वाङ्निश्चय मोडला.

नोकरी सोडून फिट्झगेराल्ड सेंट पॉलला आईवडिलांच्या घरी परतले आणि त्यांनी जुनी कादंबरी नव्याने लिहून काढली. सप्टेंबर १९१९ मध्ये स्क्रिब्नर्सचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी तिचा स्वीकार केला. धिस साइड ऑफ पॅरडाइज या नावाने ती २६ मार्च, १९२० रोजी प्रसिद्ध झाली आणि तिची पहिली आवृत्ती काही दिवसांतच संपली. त्यानंतर आठ दिवसांनी, ३ एप्रिल, १९२० रोजी, न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये स्कॉट आणि झेल्डा यांचा विवाह झाला. पैसा आल्यावरच प्रेम मिळते, हा अनुभव फिट्झगेराल्ड यांनी वयाच्या २३ व्या वर्षी घेतला आणि त्यांच्या पुढील लेखनावर त्याची गडद छाया राहिली. ऑक्टोबर १९२१ मध्ये या दांपत्याला फ्रान्सेस स्कॉट, ऊर्फ स्कॉटी, ही कन्या झाली.

कीर्तीचा काळ

पहिल्या कादंबरीने फिट्झगेराल्ड दांपत्य एका रात्रीत प्रसिद्धीच्या झोतात आले. त्यांच्या मेजवान्या, मद्यपान आणि उधळपट्टी यांच्या बातम्या वृत्तपत्रांत छापून येत. द ब्यूटिफुल अँड डॅम्ड ही दुसरी कादंबरी १९२२ साली प्रकाशित झाली. त्याच वर्षी निघालेल्या कथासंग्रहाच्या शीर्षकामुळे त्या संपूर्ण दशकाला जॅझ युग हे नाव रूढ झाले.

उत्पन्नाचा मुख्य स्रोत नियतकालिकांतील कथा हा होता. द सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट हे साप्ताहिक त्यांना उत्तम मानधन देई. १९२९ पर्यंत ते एका कथेला ४,००० डॉलरपर्यंत पोहोचले होते. तरीही खर्च मिळकतीच्या पुढेच धावत असे. वर्षाला ३६,००० डॉलर मिळवूनही हाती काहीच कसे उरत नाही, यावर त्यांनी १९२४ साली एक विनोदी लेखही लिहिला. प्रकाशक आणि साहित्यप्रतिनिधी हॅरल्ड ओबर यांच्याकडून आगाऊ रक्कम उचलण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

द ग्रेट गॅट्सबी

ऑक्टोबर १९२२ मध्ये फिट्झगेराल्ड कुटुंब न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ग्रेट नेक या गावी राहण्यास गेले. नाटक, चित्रपट आणि व्यापार यांतून नव्याने श्रीमंत झालेल्यांची तेथे वस्ती होती. खाडीपलीकडच्या मॅनहॅसेट नेकवर पिढीजात धनिकांचे वाडे होते. कादंबरीतील वेस्ट एग आणि ईस्ट एग ही काल्पनिक ठिकाणे या दोन वस्त्यांवरून घेतलेली आहेत. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी लागू होती आणि दारूच्या चोरट्या व्यापारातून अनेकांनी अल्पावधीत प्रचंड पैसा मिळवला होता.

दरम्यान, द व्हेजिटेबल हे त्यांचे नाटक नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिक सिटी येथे सपशेल पडले. कर्ज फेडण्यासाठी भराभर कथा लिहून झाल्यावर, १९२४ च्या वसंतात, कमी खर्चात राहून एकाग्रतेने लिहिता यावे म्हणून ते सहकुटुंब फ्रान्सला गेले. भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील सेंट राफाएल येथे कादंबरीचा खर्डा तयार झाला. त्याच उन्हाळ्यात झेल्डा यांची एदुआर झोझां या फ्रेंच वैमानिकाशी जवळीक निर्माण झाली आणि पतिपत्नींच्या संबंधांत तडा गेला.

ऑक्टोबरअखेर हस्तलिखित पर्किन्स यांच्याकडे पाठवण्यात आले. गॅट्सबीचे व्यक्तिमत्त्व वाचकाला पुरेसे स्पष्ट दिसत नाही आणि त्याचा पूर्वेतिहास एकाच ठिकाणी न सांगता थोडाथोडा उलगडावा, असे पर्किन्स यांनी सुचवले. त्या हिवाळ्यात रोममध्ये मुक्काम असताना फिट्झगेराल्ड यांनी मुद्रितांवरच मोठे फेरबदल केले, काही प्रकरणांची नव्याने रचना केली. शीर्षकाबद्दलही ते शेवटपर्यंत साशंक होते. प्राचीन रोमन साहित्यातील मेजवान्या झोडणाऱ्या ट्रिमाल्किओ या नवश्रीमंताचे नाव कादंबरीला द्यावे, असे त्यांच्या मनात होते. १० एप्रिल, १९२५ रोजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

नऊ प्रकरणांची ही कादंबरी निक कॅरावे हा तरुण सांगतो. कर्जरोख्यांचा व्यवसाय शिकण्यासाठी तो न्यू यॉर्कला आला असून १९२२ च्या उन्हाळ्यात वेस्ट एगमध्ये भाड्याने राहतो. त्याचा शेजारी जे गॅट्सबी दर आठवड्याला भव्य मेजवान्या देतो. पण यजमान कोण आणि त्याचा पैसा कुठून आला, हे पाहुण्यांना ठाऊक नसते. गॅट्सबीचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा सैन्यात असताना डेझी या श्रीमंत तरुणीच्या प्रेमात पडलेला असतो. ती पुढे धनाढ्य टॉम ब्युकॅननशी लग्न करते. तिला परत मिळवण्यासाठीच गॅट्सबीने गैरमार्गाने संपत्ती जमवलेली असते आणि खाडीपलीकडे तिच्या घराच्या धक्क्यावर जळणारा हिरवा दिवा तो रात्री न्याहाळत असतो. डेझी ही निकच्या नात्यातील असल्याने त्याच्यामार्फत दोघांची पुन्हा भेट होते. पुढे डेझी चालवत असलेल्या गॅट्सबीच्या मोटारीखाली सापडून टॉमची प्रेयसी मर्टल मरण पावते. तिचा पती जॉर्ज विल्सन गैरसमजातून गॅट्सबीचा खून करून आत्महत्या करतो. मेजवान्यांना शेकडो लोक येत असत. अंत्ययात्रेला मात्र मोजकेच जण येतात. टॉम आणि डेझी काहीच घडले नसल्याप्रमाणे आपल्या संपत्तीच्या आश्रयाला निघून जातात.

टी.एस. एलियट, ईडिथ व्हार्टन आणि गर्ट्रूड स्टाइन यांनी पत्रे पाठवून या कादंबरीचे कौतुक केले. वृत्तपत्रांतील परीक्षणे मात्र संमिश्र होती. पहिली आवृत्ती सुमारे २१ हजार प्रतींची होती. त्यानंतर त्याच वर्षी काढलेल्या ३ हजार प्रतींच्या दुसऱ्या आवृत्तीतील काही प्रती लेखकाच्या मृत्यूच्या वेळीही प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या. फिट्झगेराल्ड यांची अपेक्षा याच्या कितीतरी पट होती. सामान्य शीर्षक आणि प्रभावी स्त्रीपात्राचा अभाव, अशी अपयशाची दोन कारणे त्यांनी स्वतः पर्किन्स यांना कळवली.

उत्तरायुष्य

१९२५ च्या वसंतात पॅरिसमध्ये त्यांची अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्याशी ओळख झाली. तेव्हा फारसे प्रसिद्ध नसलेल्या हेमिंग्वे यांना फिट्झगेराल्ड यांनी स्क्रिब्नर्सकडे नेले. पुढे ही मैत्री दुरावली. १९३६ मध्ये हेमिंग्वे यांनी आपल्या एका कथेत फिट्झगेराल्ड यांचे नाव घेऊन त्यांच्या श्रीमंतांविषयीच्या कुतूहलाची टिंगल केली. पुस्तकरूपात ते नाव बदलण्यात आले.

एप्रिल १९३० मध्ये झेल्डा यांना पहिला मोठा मानसिक आघात झाला. स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात त्यांना स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान करण्यात आले. त्यानंतरचे त्यांचे बरेचसे आयुष्य मनोरुग्णालयांत गेले. १९३२ साली बाल्टिमोर येथील रुग्णालयात असताना त्यांनी सेव्ह मी द वॉल्ट्झ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहिली. आपण अनेक वर्षे ज्या सामग्रीवर कादंबरी लिहीत आहोत तीच झेल्डा यांनी वापरली, म्हणून फिट्झगेराल्ड संतापले. वास्तविक, झेल्डा यांच्या रोजनिशीतील आणि पत्रांतील मजकूर त्यांनी स्वतः आपल्या कादंबऱ्यांत वापरला होता आणि झेल्डा यांचे काही लेखन त्यांच्या किंवा दोघांच्या नावे छापले गेले होते. या वर्तनावर नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः स्त्रीवादी समीक्षकांनी, कठोर टीका केली आहे.

टेंडर इज द नाइट ही त्यांची चौथी कादंबरी १९३४ साली निघाली. महामंदीच्या त्या काळात फ्रान्सच्या किनाऱ्यावरील सुखवस्तू अमेरिकनांच्या कथेला वाचकांकडून बेताचाच प्रतिसाद मिळाला. मद्यपान वाढत गेले, प्रकृती ढासळली आणि कथांना मागणी राहिली नाही. १९३६ साली एस्क्वायर मासिकातील तीन लेखांत त्यांनी स्वतःच्या मानसिक पडझडीचे विलक्षण प्रांजळ वर्णन केले.

१९३७ च्या जुलैमध्ये ते हॉलिवूडला गेले. एमजीएम या चित्रपटसंस्थेने त्यांना आठवड्याला १,००० डॉलर वेतनावर पटकथालेखक म्हणून नेमले. तेथील काळात थ्री कॉमरेड्स (१९३८) या एकाच चित्रपटावर त्यांचे नाव झळकले. या वेतनातून त्यांनी बरेचसे कर्ज फेडले, झेल्डा यांच्या उपचारांचा आणि स्कॉटी हिच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च चालवला. मुलीला लिहिलेली त्यांची या काळातील पत्रे वाचन, कष्ट आणि पैसा यांविषयीच्या विचारांसाठी प्रसिद्ध आहेत. पत्रकार शीला ग्रॅहम या अखेरच्या वर्षांत त्यांच्या सहचारिणी होत्या.

मृत्यू

चित्रपटसृष्टीवरील द लास्ट टायकून ही कादंबरी लिहीत असताना २१ डिसेंबर, १९४० रोजी ग्रॅहम यांच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांची विक्री तोवर जवळजवळ थांबली होती. रॉयल्टीचा शेवटचा धनादेश अवघा १३.१३ डॉलरचा होता, असे चरित्रकार नोंदवतात. अंत्यविधीला थोडेच लोक उपस्थित होते आणि अनेकांना त्या प्रसंगी गॅट्सबीच्या अंत्ययात्रेची आठवण झाली. ते धर्माचरण करणारे कॅथलिक नव्हते, या कारणाने मेरीलँडमधील रॉकव्हिल येथील वडिलांच्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा नाकारण्यात आली. दुसऱ्या दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

झेल्डा यांचा १९४८ साली ॲशव्हिल येथील रुग्णालयाला लागलेल्या आगीत मृत्यू झाला. १९७५ साली दोघांचेही अवशेष रॉकव्हिलच्या सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीत हलवण्यात आले. त्यांच्या समाधीवर द ग्रेट गॅट्सबीचे अखेरचे वाक्य कोरलेले आहे.

मरणोत्तर कीर्ती

फिट्झगेराल्ड यांच्या पुनरुज्जीवनाचे बरेचसे श्रेय त्यांचे विद्यार्थिदशेतील मित्र एडमंड विल्सन यांना जाते. त्यांनी १९४१ साली अपूर्ण राहिलेली द लास्ट टायकून संपादित केली आणि त्याच खंडात द ग्रेट गॅट्सबी व काही निवडक कथा पुन्हा छापल्या. १९४५ साली द क्रॅक-अप हा लेखसंग्रहही त्यांनीच संपादित केला.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी असलेल्या अमेरिकन सैनिकांना खिशात मावतील अशा आकाराची पुस्तके मोफत पुरवली जात. त्या मालेत १९४५ साली द ग्रेट गॅट्सबीच्या सुमारे १ लाख ५५ हजार प्रती छापण्यात आल्या. लेखकाच्या हयातीत निघालेल्या दोन आवृत्त्यांच्या सहापटीहून हा आकडा अधिक होता. प्रेयसीला मागे ठेवून सैन्यात गेलेल्या नायकाची कथा अशा प्रकारे त्याच अवस्थेतील तरुणांच्या हाती पडली. १९५१ साली आर्थर मिझनर यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि १९६० च्या दशकापर्यंत ही कादंबरी अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात स्थिरावली. मॉडर्न लायब्ररीने १९९८ साली जाहीर केलेल्या विसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्यांच्या यादीत तिला जेम्स जॉईस यांच्या युलिसिसनंतर दुसरे स्थान मिळाले. १ जानेवारी, २०२१ रोजी अमेरिकेतील तिचा प्रताधिकार संपला.

आकर्षणाची कारणमीमांसा

ही कादंबरी शतकभर वाचली जाण्यामागे समीक्षक अनेक कारणे सांगतात. तिचा आटोपशीर विस्तार आणि काव्यात्म गद्य हे त्यांतील एक. दुसरे कारण निवेदनाच्या पद्धतीत आहे. निक हा श्रीमंतांच्या वर्तुळात वावरतो, त्याला त्या झगमगाटाची भुरळ पडते आणि त्याच वेळी त्याची किळसही येते. ही दुहेरी दृष्टी फिट्झगेराल्ड यांची स्वतःचीच होती. गॅट्सबीप्रमाणे त्यांनी प्रेम मिळवण्यासाठी पैसा मिळवला, मेजवान्या दिल्या आणि ऐश्वर्याची किंमत मोजली. निकप्रमाणे ते या सर्वांचे साक्षीदारही राहिले. त्यामुळे ही कादंबरी संपत्तीचा गौरव किंवा निव्वळ निषेध न ठरता, तिच्या ओढीचे आणि पोकळपणाचे एकत्रित चित्रण ठरते.

जन्माने मिळालेली स्थिती परिश्रमाने ओलांडता येते, या अमेरिकन विश्वासाची कसोटीही ती पाहते. गॅट्सबी पैसा मिळवू शकतो. जुन्या धनिकांच्या वर्तुळात त्याला प्रवेश मात्र मिळत नाही. हा प्रश्न आजही जिवंत असल्याचे एक चिन्ह म्हणजे अर्थशास्त्रातील गॅट्सबी वक्र ही संज्ञा. उत्पन्नातील विषमता जितकी अधिक, तितकी पालकांच्या आर्थिक स्थितीतून मुलांना वर येणे कठीण, असा संबंध हा वक्र दाखवतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी २०१२ साली ही संज्ञा प्रचारात आणली.

कादंबरीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. मायर वुल्फशाइम या ज्यू जुगाऱ्याचे चित्रण पूर्वग्रहदूषित असल्याची टीका होते. डेझीला स्वतःचे अंतरंग दिलेले नाही, असेही काही समीक्षकांचे मत आहे. टॉम ब्युकॅननच्या तोंडी असलेल्या वंशवादी विचारांतून लेखकाने तत्कालीन धनिकांच्या मनोवृत्तीचा उपहास केला, असे मात्र सर्वसाधारणपणे मानले जाते.

रूपांतरे

कादंबरीवर १९२६ साली ब्रॉडवेवर नाटक आले आणि त्याच वर्षी मूकपटही निघाला. त्या मूकपटाची केवळ जाहिरातफीत आज उपलब्ध आहे. त्यानंतर १९४९ (ॲलन लॅड) आणि १९७४ (रॉबर्ट रेडफोर्ड, मिया फॅरो) या वर्षी चित्रपट निघाले. १९७४ च्या चित्रपटाची पटकथा फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांची होती. बाझ लुहरमन दिग्दर्शित २०१३ च्या चित्रपटात लिओनार्डो डिकॅप्रियो यांनी गॅट्सबीची भूमिका केली. याच चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी वुल्फशाइमची छोटी भूमिका साकारली. हा त्यांचा पहिला हॉलिवूडपट होय. जॉन हार्बिसन यांचा या कादंबरीवर आधारित ऑपेरा १९९९ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये सादर झाला.

साहित्यसंपदा

कादंबऱ्या
- धिस साइड ऑफ पॅरडाइज (१९२०)
- द ब्यूटिफुल अँड डॅम्ड (१९२२)
- द ग्रेट गॅट्सबी (१९२५)
- टेंडर इज द नाइट (१९३४)
- द लास्ट टायकून (अपूर्ण, १९४१)

कथासंग्रह
- फ्लॅपर्स अँड फिलॉसॉफर्स (१९२०)
- टेल्स ऑफ द जॅझ एज (१९२२)
- ऑल द सॅड यंग मेन (१९२६)
- टॅप्स ॲट रेव्हेली (१९३५)